महिन्याभरातील दोन कादंबऱ्या

परीक्षेनंतरच्या महिन्यात दुकान सांभाळीत दोन कादंबऱ्या वाचल्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दोन दिवसांत संपली. दुष्काळाने ओस पडणारी ती धनगरांची वाडी अजून मनातून जात नाही. उरलेला महिना भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) घेतला. पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग सांगवीकर वडिलांचे पैसे खर्चून, परीक्षेत नापास होऊन गावी परततो. आपल्या व्यापारी घरांत त्यास उधळ्या म्हणून मोकळे होतील. मलाही प्रारंभी तसेच वाटे. परंतु धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पाने वाचल्यावर तो शब्द ओठांवर येईना. त्या दुःखाची नोंद तो कोणत्या खात्यात करणार? मला पुण्यास धाडावे की पेढीवर बसवावे, हा विचार सध्या घरी चालू आहे. निर्णयापूर्वी बाबांनी ‘कोसला’ वाचावी, अशी विनंती मी केली आहे. पुस्तक गल्ल्याशेजारी आहे; पन्नासाव्या पानापर्यंत खूण सरकली आहे.