लॅपटॉपची पावती जपा

बियाण्याची पिशवी व पावती आपण हंगामभर जपतो. कापूस विकून मुलीसाठी घेतलेल्या लॅपटॉपचेही तसेच करावे. हमीच्या मुदतीत तो बिघडला तर बाहेर उघडू नका. कंपनीच्या सेवा केंद्रात देताना बिघाड व तारीख लिहिलेली पोच घ्या. टाळाटाळ झाल्यास कंपनीला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी परराज्यातली असली तरी २०१९ च्या कायद्याने अजिंठेकराला छत्रपती संभाजीनगरलाच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत मात्र २ वर्षांची. तेव्हा कागद आजच पेटीत ठेवा.