बियांचें पंचांग

सफरचंद खाऊन झाल्यावर त्याच्या बिया कुंडींत पुरण्याची हौस बहुतेक घरांतील मुलांना असते. पंधरा दिवस नेमानें पाणी घालूनही मातींतून कांहीं वर येत नाहीं. मग वडील मंडळी 'बी मेलेली होती' असा निकाल देतात आणि त्या कुंडींत दुसरेंच रोप लागतें. हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. ती बी मेलेली नसून निजलेली असते, आणि तिला जागें करण्यास जी एक गोष्ट लागते ती तिला मिळालेली नसते. ती गोष्ट म्हणजे हिवाळा.

सफरचंदाचें मूळ घर मध्य आशियांतील तिएनशान पर्वत. तेथें फळ शरदांत गळतें. जमीन तेव्हां अजून कोमट असते. बी लगेच रुजली, तर कोवळा अंकुर पुढें बर्फांत मरून जाईल. म्हणून तिच्या गर्भालाच एक अटकाव असतो. ॲब्सिसिक आम्ल नांवाचें द्रव्य त्याची वाढ रोखून धरतें. ओली बी सुमारें ३ ते ५ अंश सेल्सियस इतक्या थंडींत दोन-तीन महिने राहिली, म्हणजे या द्रव्याचा अंमल ओसरतो व वाढीस चालना देणाऱ्या जिबरेलिन द्रव्यांचा प्रभाव चालूं लागतो. येथें ओल आणि थंडी यांची जोडी आवश्यक आहे; कोरडी बी थंडींत कितीही दिवस ठेवली, तरी ते दिवस हिशेबांत धरले जात नाहींत. इतकेंच नव्हे, तर मुदत पुरी होण्यापूर्वीं उष्मा लागल्यास झालेलें काम पुसलें जाऊन बी पुन्हा निजूं शकते.

आपल्याकडील सागाचें पंचांग निराळें. त्याला भय बर्फाचें नाहीं, उन्हाळ्याचें आहे. त्याचीं फळें हिवाळ्यांत पिकतात. तेव्हांच रोप उगवलें, तर पुढील कोरडे महिने तें तगणार नाहीं. सागाची बी कठीण कवचांत बंद असते. वैशाखाच्या उन्हांत तें कवच तापतें, वळिवानें भिजतें, पुन्हा वाळतें आणि हळूहळू सैल पडतें. रोपवाटिकांत हेंच काम हातानें करतात: फळें रात्रभर पाण्यांत भिजवावयाचीं व दिवसा उन्हांत वाळवावयाचीं, असा क्रम दोन-तीन आठवडे चालतो. एवढें करूनही सर्व बिया एकदम उगवत नाहींत. कांहीं पुढल्या पावसाळ्याची वाट पाहतात. एखाद्या वर्षीं पावसानें दगा दिला, तरी वंश बुडत नाहीं.

फणस व जांभूळ यांना वाट पाहण्याचें कारणच नाहीं. त्यांचीं फळें पावसाच्या तोंडावर पिकतात, बी ओल्या जमिनीवर पडते आणि लवकरच रुजते. अशा बिया वाळल्या कीं मरतात, आणि उष्ण प्रदेशांतील अशा पुष्कळ बियांना १० ते १५ अंशांखालील थंडीही सोसत नाहीं. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट्स यांनीं १९७३ सालीं साठवणीच्या दृष्टीनें बियांचे असेच दोन वर्ग सांगितले: वाळवण व थंडी सोसणाऱ्या, आणि न सोसणाऱ्या.

हा भेद गृहस्थाच्या नित्य उपयोगाचा आहे. वडिलोपार्जित वाडा पाडतांना परसांतील जुना फणसही जातो. आठवण म्हणून कोणी त्याच्या आठळ्या फ्रीजमध्यें जपून ठेवतात आणि नव्या जागेचा ताबा मिळाला कीं लावूं म्हणतात. तोंवर त्यांतील जीव गेलेला असतो. आठळ्या गऱ्यांतून काढल्या त्याच आठवड्यांत कुंडींत लावाव्या. रोप नव्या जागेची वाट पाहूं शकतें, आठळी पाहूं शकत नाहीं. गऱ्यांची तीच गोडी पुढें हवी असेल, तर मात्र झाड उभें असतांनाच त्याचें कलम बांधून घ्यावें.

सफरचंदाच्या बिया उलट ओल्या वाळूंत घालून त्याच फ्रीजमध्यें दोन-तीन महिने ठेवाव्या, गोठूं देऊं नये, व मग कुंडींत लावाव्या. रोप उगवेल, आपल्या हवेंत फळांची आशा मात्र फार धरूं नये, कारण बहुतेक जातींच्या झाडांनाही फुलण्यापूर्वीं थंडी लागतेच. कोणतीही बी लावण्यापूर्वीं तिचें झाड कोठलें व फळ कोणत्या ऋतूंत गळतें, एवढें मुलांकडून शोधून घ्यावें. कुंडी केव्हां भरावयाची, हें बहुधा त्यांतच कळतें.