बसते म्हणजे जुळते असे नाही

सुट्टी लागली की मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगसाठी गर्दी होते. पर्यटक दर विचारतात, वेळ विचारतात, फोटो मिळतील का विचारतात. पाठीवरच्या सिलिंडरला रेग्युलेटर नीट जुळतो का आणि सिलिंडरच्या मानेत योग्य आट्यांचा व्हॉल्व्ह आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. जीव मात्र याच दोन जोडण्यांवर अवलंबून असतो.

भरलेल्या सिलिंडरमधील हवेचा दाब साधारण २०० बार असतो. त्याला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. 'योक' पद्धतीत शिकंजा व्हॉल्व्हभोवती बसवून मागून स्क्रू आवळतात. 'डिन' या जर्मन मानकाच्या पद्धतीत रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत आट्यांवर फिरवतात. योकमध्ये हवा अडवणारी रबरी ओ-रिंग व्हॉल्व्हच्या तोंडावर असते. जोराचा धक्का बसला तर ती निसटू शकते. डिनमध्ये ती आत बंदिस्त राहते. योकची मर्यादा २३२ बार आहे, तर डिन ३०० बारपर्यंत चालते.

डिनमध्येही २०० बारच्या रेग्युलेटरला पाच आटे असतात, ३०० बारच्याला सात. पाच आट्यांचा रेग्युलेटर ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये फिरतो, पण त्याची ओ-रिंग तळाला टेकतच नाही. व्हॉल्व्ह उघडताच हवा गळू लागते. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली योजना आहे. भूल देण्याच्या यंत्रावरही तोच विचार दिसतो. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडच्या लहान सिलिंडरवरील छिद्रे वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे घाईतही एकाच्या जागी दुसरे बसत नाही. न बसणे हीच तिथे सुरक्षितता असते.

खरा धोका 'जवळजवळ बसणाऱ्या' जोडणीत आहे. काही सिलिंडरच्या मानेचे आटे मेट्रिक असतात: व्यास २५ मिलिमीटर, दोन आट्यांतील अंतर २ मिलिमीटर. काहींचे पाऊण इंची असतात: व्यास सुमारे २६ मिलिमीटर, अंतर १.८ मिलिमीटर. मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत काही फेरे फिरतो आणि घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड जेमतेम असते. २०० बारला त्या व्हॉल्व्हवर आतून जवळपास एक टनाचा रेटा येतो. हवा भरतानाच तो उडू शकतो आणि समोरच्याचा जीव घेऊ शकतो.

पाण्याखाली जोडणी निकामी झाली तर धोका वेगळा असतो. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर धावतो. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना फुप्फुसातील हवा प्रसरण पावून दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटू शकते.

म्हणून सगळ्याच अडॅप्टरना नावे ठेवायचे कारण नाही. डिन रेग्युलेटर योक व्हॉल्व्हला जोडणारे मान्यताप्राप्त अडॅप्टर दाबाची मर्यादा पाळून वापरता येतात. मानेच्या आट्यांना मात्र तडजोड नाही. तिथे टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे किंवा पान्याने जोर लावणे हा जुगाड नसून गुन्हाच मानला पाहिजे.

देशात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. नियमांना किनाऱ्यावर अर्थ यायचा असेल, तर प्रत्येक डायव्हिंग केंद्राने सिलिंडरनिहाय नोंदवही ठेवावी. व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी सिलिंडरवरील आणि व्हॉल्व्हवरील आट्यांची खूण पडताळावी, खूण पुसट असेल तर गेजने मोजावे, आणि तरीही शंका उरली तर ते सिलिंडर बाजूला ठेवावे. पर्यटकांनीही ही नोंदवही मागून पाहावी. ती दाखवायला जो कचरतो, त्याच्या सिलिंडरमधला श्वास स्वस्तातही घेऊ नये.