घरचा हिशेब : हाली पगार, कलदार पगार

मुलाला परगावी नोकरी लागली की घरातील वडील मंडळी प्रथम आकडा विचारतात. जुना आकडा, नवा आकडा, मग वजाबाकी. ही वजाबाकी किती फसवी असते, हे सिकंदराबादच्या जुन्या रहिवाशांना कोणी सांगावे लागत नसे.

निजामाच्या राज्याचे नाणे वेगळे होते. लोक त्यास 'हाली' म्हणत. इंग्रजी अमलातील रुपया तो 'कलदार'. हैदराबाद शहरात संस्थानी नोकराचा पगार हालीत होई. हुसेनसागरापलीकडे सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीत कलदार चाले. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा सरकारी दर. समजा, शहरात ७० हाली मिळविणाऱ्या एखाद्या कारकुनास छावणीत ६५ कलदारांची जागा चालून आली. भोळा मनुष्य म्हणेल, ५ रुपये बुडाले. वस्तुतः त्या ६५ कलदारांचे ७५ रुपये १३ आणे ४ पै हाली होत! परंतु बिऱ्हाडही छावणीत नेले, तर भाडे व किराणा कलदारातच मोजावा लागे. शिवाय शहरातील हालीवाल्यास सोलापुरी आईला १० कलदार पाठवायचे, तर खिशातून ११ रुपये १० आणे ८ पै जात. १९४८ साली संस्थान भारतात आले, १९५० च्या सुमारास भारतीय रुपया तेथे रूढ झाला आणि पुढे हाली इतिहासजमा झाले.

नाणे एक झाले, तरी रुपयाची खरेदीशक्ती गावोगाव निराळीच राहिली. १९६६ पासून सिकंदराबाद हे दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्य ठाणे आहे. नांदेडकडील कितीतरी मराठी कुटुंबे या नोकरीपायी तेथे जातात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या ३०, २० व १० टक्के झाला. २५,५०० रुपये मूळ वेतनावर नांदेडला ५,१०० रुपये, तर सिकंदराबादला ७,६५० रुपये. म्हणजे २,५५० रुपयांची वाढ. ती नव्या भाड्याला पुरेल की नाही, हे तेथील घरमालकच ठरवितो. गंमत अशी की मुंबई आणि सिकंदराबाद सरकारदरबारी एकाच वर्गातली. भत्ता तोच, पण त्यात मिळणारी खोली तीच असेल, असे कोणी समजू नये.

आणखी एक खर्च आपल्या खेड्यातील माणसांच्या ध्यानात येत नाही, कारण तो वहीत कधी मांडलेलाच नसतो. स्वतःचे घर, विहिरीचे पाणी, वाडीतील भाजी, शेजारणीने दिलेले सुके बोंबील, नातवंडे सांभाळणारी आजी. गाव सोडताच या प्रत्येकास किंमत चिकटते. सुनेने शिवणकाम करून मिळविलेले चार पैसेही थांबतात. मुलांना तेलुगू शिकावी लागते. तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्याने ती शाळांत सक्तीची आहे. आईबापांना येत नसेल, तर शिकवणी आलीच.

तेव्हा होकार कळविण्यापूर्वी मुलाने तेथील एखाद्या ओळखीच्या कुटुंबाकडून भाडे, अनामत, पाणीपट्टी, शाळेची फी आणि वर्षातून दोनदा सहकुटुंब गावी येण्याचे भाडे विचारून घ्यावे. मग बापाला पगाराचा आकडा न सांगता, दरमहा घरी किती पाठविता येतील तेवढेच सांगावे. कारण पुष्कळ बाप पगाराचा आकडा ऐकूनच सोसायटीत जातात आणि मुलीच्या लग्नासाठी कर्जाच्या कागदावर सही करतात. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.