चाकांवरचं घर बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? अमेरिकेतल्या एका आरव्ही कोर्समध्ये काय शिकायला मिळालं

२०२१ या एका वर्षात अमेरिकेतल्या कारखान्यांतून ६ लाख २४० आरव्ही बाहेर पडल्या. हा विक्रम होता. २०२३ मध्ये हाच आकडा ३ लाख १३ हजारांपर्यंत घसरला आणि २०२४ मध्ये थोडा सावरून ३ लाख ३३ हजारांच्या पुढे गेला. बातम्या येतात त्या या चढउताराच्या. पण कोविडच्या काळात विमानं आणि हॉटेलं टाळण्यासाठी लोकांनी ज्या लाखो गाड्या घेतल्या, त्यांचं पुढे काय झालं? त्या आता काही वर्षं जुन्या आहेत, बहुतेकांची वॉरंटी कधीच संपली आहे, छताच्या सांध्यांतलं सीलंट तडकायला लागलंय, बॅटऱ्या दमल्यात. आणि दुरुस्ती करणारी माणसं त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. ऐन उन्हाळ्यात डीलरकडे गाडी टाकली की ती परत मिळायला आठवडे लागणं ही इथली नेहमीची तक्रार आहे. या उद्योगात त्यासाठी वेगळा शब्दही रूढ झालाय, ‘रिपेअर इव्हेंट सायकल टाइम’. म्हणजे गाडी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंतचे दिवस.

मी टेक्सासमध्ये राहते. माझी स्वतःची आरव्ही नाही, पण हा तुटवडा नेमका कशाचा आहे ते बघायचं होतं म्हणून पाच दिवसांचा आरव्ही देखभाल-दुरुस्तीचा प्राथमिक कोर्स केला. वर्गात एक डिझेल मेकॅनिक, नुकतेच सैन्यातून निवृत्त झालेले दोघं, आणि घर विकून आरव्हीतच राहणारी तीन-चार जोडपी होती. तिशीच्या आतली माणसं मोजकीच. ते मला खटकलं, कारण शिकवलं जात होतं ते सगळं तरुणांना सहज जमेल असं होतं.

गाडी कमी, घर जास्त

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल. यात दोन मुख्य प्रकार. स्वतःचं इंजिन असलेली मोटरहोम आणि पिकअपच्या मागे ओढायचा ट्रेलर. दोन्हीत झोपायची जागा, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, फ्रिज, एसी असं सगळं असतं. गंमत म्हणजे कोर्समध्ये इंजिनाबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं. इंजिन, ब्रेक, गिअर यांसाठी ट्रकचं गॅरेज असतंच. प्रश्न असतो तो आतल्या घराचा.

या घरात दोन वेगळ्या वीजव्यवस्था असतात. दिवे, पाण्याचा पंप, पंखे हे १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे बॅटरीवर चालतात. एसी, मायक्रोवेव्ह हे १२० व्होल्ट एसीवर. त्याशिवाय गॅसची लाइन, पाण्याच्या तीन प्रकारच्या टाक्या (ताजं पाणी, सिंकचं सांडपाणी, संडासचं पाणी) आणि हे सगळं ताशी शंभर किलोमीटरने हादरत जाणार. आपल्या आयटीआयच्या भाषेत सांगायचं तर वायरमन, प्लंबर, फ्रिज-एसीवाला आणि मोटर मेकॅनिक या चार ट्रेडचा थोडा थोडा भाग एकाच माणसाला यायला हवा. तो माणूस सहजासहजी तयार होत नाही. तुटवड्याचं मूळ मला इथे दिसतं.

दोन दिवस नुसता मल्टिमीटर

पहिले दोन दिवस आम्ही जवळपास काहीच ‘दुरुस्त’ केलं नाही. फक्त मोजलं. एक उदाहरण सांगते, कारण ते तुमच्या मोबाईललाही लागू पडतं.

पाण्याचा पंप कुरकुरत चालतोय, नळाला धार नाही. बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठणठणीत. फ्यूजही चांगला. मग साहजिकच वाटतं की पंप गेला, नवीन आणा. प्रशिक्षकांनी सांगितलं, पंप चालू ठेवून पंपाच्याच टोकांवर मोजा. तिथे जेमतेम १० व्होल्ट. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे? वायरच्या एकेका तुकड्यावर मीटर लावत गेलो तेव्हा सापडलं. चॅसीला अर्थ जोडणारा स्क्रू गंजला होता. पंप बंद असताना त्या गंजातून वीज वाहतच नव्हती, त्यामुळे मीटरला दोष दिसत नव्हता. पंप सुरू झाला, करंट वाढला, तशी त्या एका जागी वीज अडायला लागली. सँडपेपरने स्क्रू घासला, काम झालं.

स्वस्तातली यूएसबी केबल लावली की फोन ‘चार्ज होतोय’ असं दाखवतो पण टक्के वाढत नाहीत, ते काहीसं असंच. बारीक तारेत व्होल्टेज गळतं, मग फोन करंट कमी ओढतो. चार्जर बदलून उपयोग नाही.

आता विचार करा, याच जागी कोणी नवीन पंप बसवला असता तर? महिनाभर बरा चालला असता, पुन्हा कुरकुरला असता, आणि गिऱ्हाइकाने पंपाच्या कंपनीला शिव्या घातल्या असत्या. डीलरच्या शेडमध्ये असं रोज होतं असं वर्गातल्या अनुभवी लोकांचं म्हणणं. माझं स्वतःचं मत बनलं ते असं की ‘पार्ट मिळत नाहीत’ या रडगाण्याचा बराच भाग चुकीच्या निदानातून येतो. नको तो पार्ट मागवायचा, तो यायची तीन आठवडे वाट बघायची, बसवल्यावर कळणार की दोष दुसरीकडेच होता.

ॲपमध्ये सगळं दिसतं, पण…

नव्या आरव्हींमध्ये बऱ्याच गोष्टी फोनवर दिसतात. बाहेरचं छत्र उघडा, दिवे लावा, टाकी किती भरली ते बघा, बॅटरी किती टक्के आहे ते बघा. तुम्हा-आम्हाला हे आवडणारच. यातल्या काही यंत्रणा आरव्ही-सी नावाच्या खुल्या भाषेत एकमेकींशी बोलतात, जी गाड्यांमधल्या कॅन बसवर आधारलेली आहे. काही मात्र कंपनीच्या स्वतःच्या बंद भाषेत.

पण ॲपमधला आकडा सेन्सरइतकाच खरा असतो. संडासच्या टाकीच्या भिंतीला आतून धातूची छोटी टोकं असतात, त्यांना पाणी लागलं की ‘इथपर्यंत भरलंय’ असा संदेश जातो. त्या टोकांना घाण चिकटून बसली की टाकी रिकामी केल्यावरही ॲप दोन तृतीयांश भरल्याचं सांगत राहतं. ॲप अपडेट करून हे जात नाही. टाकी धुवावी लागते. (हे काम कोणाच्या वाट्याला आलं ते सांगत नाही.)

बॅटरीचं प्रकरण जास्त मजेशीर. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीत व्होल्टेज बघून अंदाज येतो. १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. आता सगळे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या बसवतायत. तिच्यात ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत अर्ध्या व्होल्टचाही फरक पडत नाही. त्यामुळे व्होल्टेजवर चालणारं जुनं इंडिकेटर तिला लावलं तर ते दिवसभर ‘फुल’ दाखवतं आणि रात्री अचानक सगळा अंधार. शंट नावाचा भाग लावून आत किती करंट गेला, बाहेर किती आला याचा हिशेब ठेवावा लागतो. अशीच दुसरी गोष्ट. बॅटरी खूप उतरली की तिच्यातली संरक्षक यंत्रणा, बीएमएस, तिला आतून तोडून टाकते. मीटरवर शून्य व्होल्ट. लोक ती मेली समजून फेकायला निघतात. प्रत्यक्षात योग्य चार्जर लावला की ती पुष्कळदा जागी होते. महागड्या बॅटरीचे पैसे वाचवणारी ही माहिती आहे, आणि ई-स्कूटर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी अशी.

जिथे चूक चालत नाही

गॅसच्या दिवशी वर्गातला आवाज आपोआप खाली आला. आरव्हीत प्रोपेन वापरतात आणि त्याचा दाब मोजतात पाण्याच्या उंचीत. उपकरणाकडे तो ११ इंच पाण्याच्या उंचीएवढा हवा, म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या रेग्युलेटरचा दाबही याच्या जवळपासच असतो. मॅनोमीटर लावायचा, गॅस बंद करायचा, आणि काटा ठरावीक मिनिटं हलतो का ते बघत बसायचं. हलला तर कुठेतरी गळतंय. मग साबणाचं पाणी.

प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली, पायाशी बसवतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो झोपेत घात करतो, त्याचा अलार्म वेगळा. दोन्हींचं आयुष्य साधारण ५ ते ७ वर्षं. म्हणजे २०२१ च्या विक्रमी वर्षातल्या गाड्यांचे अलार्म बदलायची वेळ आली आहे किंवा येतेय, आणि ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर भोंगा वाजतो म्हणून मालक निवांत असतात. ते बटण मुख्यतः भोंगा आणि सर्किट तपासतं. गॅस ओळखणारा सेन्सर म्हातारा झालाय का, हे त्याने कळत नाही.

दुसरा धोका प्लगचा. कॅम्पिंगच्या जागी ३० अँपिअरचा प्लग असतो. १२० व्होल्ट गुणिले ३०, म्हणजे ३६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा गीझर एकदम लावला की ट्रिप. ते ठीक आहे. पण हा सॉकेट दिसायला घरातल्या २४० व्होल्टच्या सॉकेटचा भाऊ वाटतो, त्यामुळे घरगुती इलेक्ट्रिशियन अंगणात आरव्हीसाठी सॉकेट बसवताना कधी कधी २४० व्होल्ट जोडून मोकळा होतो. पहिल्यांदा प्लग लावला की आतली उपकरणं जळतात. आणि अर्थिंग तुटलेलं असेल तर गाडीचा धातूचा सांगाडाच जिवंत होतो. ओल्या पायांनी दार उघडणाऱ्याला झटका. म्हणून गाडी जोडण्याआधी सॉकेट तपासायचा.

पाच दिवसांत हे सगळं येतं का? नाही. गॅसचा एक दिवस मला फारच अपुरा वाटला. असे कोर्स विकताना ‘वर्षाला लाखभर डॉलर कमवा’ छापाच्या जाहिराती केल्या जातात, त्यांच्यापासून सावध राहावं. फिरत्या टेक्निशियनचा दर तासाला शंभर-दीडशे डॉलर ऐकू येतो हे खरं, पण त्यातून गाडी, अवजारं, विमा आणि मधले रिकामे दिवस वजा करा. उद्योगाने स्वतः २०१९ मध्ये इंडियानातल्या एल्कहार्टला, जिथल्या परिसरात देशातल्या बहुतांश आरव्ही बनतात, वेगळी तांत्रिक संस्था काढली. तिथे पायरीपायरीने प्रमाणपत्रं मिळतात. तो रस्ता लांबचा आहे, पण जास्त प्रामाणिक वाटतो.

शिकलेल्या माणसालाही कुलूप

समजा माणूस तयार झाला. पुढची अडचण परवानगीची. वॉरंटीतलं काम डीलरकडेच न्यावं लागतं, आणि डीलर आधी स्वतःकडून गाडी घेतलेल्यांना रांगेत पुढे घेतो. स्वतंत्र टेक्निशियनला वायरिंगचे नकाशे, कंट्रोल बोर्डचे कोड मिळवताना घाम फुटतो. ग्राहकाच्या हातात कायदाही अर्धामुर्धा. अनेक राज्यांतल्या ‘लेमन लॉ’मध्ये, म्हणजे सदोष गाडी परत देण्याच्या कायद्यात, मोटरहोमचं इंजिन आणि चॅसी येते, पण राहण्याचा भाग वगळलेला असतो. म्हणजे सगळ्यात जास्त बिघडणाऱ्या भागालाच संरक्षण कमी! ‘राइट टू रिपेअर’ची चळवळ इथे जोरात आहे. कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी कायदा केला, कॅलिफोर्नियाचा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कायदा जुलै २०२४ पासून लागू झाला. माझ्या मते आरव्हीचा नंबर यात फार आधी लागायला हवा होता.

महाराष्ट्रात याचं काय?

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्याच वर्षी केरळनेही ‘केराव्हॅन केरळ’ सुरू केलं. भारतात मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांचं चाकांवरच्या घरात रूपांतर करणारे व्यावसायिक आहेत, इन्स्टाग्रामवर रील्स तर विचारू नका. संख्या अजून लहान आहे. पण गुहागरच्या रस्त्यावर रात्री इन्व्हर्टर बंद पडला तर कोणाला बोलवायचं? गॅरेजवाला म्हणणार, हे लाइटचं काम आहे. वायरमन म्हणणार, १२ व्होल्टचं आम्ही करत नाही.

आपल्याकडचा एक फरक सोयीचा आहे. २३० व्होल्ट, १६ अँपिअरच्या साध्या पॉवर प्लगवर ३६८० वॉट मिळतात, म्हणजे अमेरिकेतल्या ३० अँपिअरच्या खास प्लगपेक्षा थोडे जास्तच. गैरसोयीचा फरक अर्थिंगचा. ढाब्यावर किंवा शेतघरावर सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे अर्थची वायर असेलच असं नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. कॅराव्हॅनमधला फ्रिज यातल्या कुठल्या खान्यात बसतो, घरगुती उपकरण की वाहन? हा खुसपट काढणारा प्रश्न वाटेल, पण अमेरिकेत राहण्याच्या भागाचं संरक्षण याच फटीतून निसटलं.

ज्यांना या कामात उतरायचंय त्यांनी अमेरिकेपर्यंत यायची गरज नाही. डीसी मोजता येणारा चांगला क्लॅम्प मीटर घ्या, जवळच्या सोलर बसवणाऱ्याकडे आणि ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्याकडे काही महिने हाताखाली काम करा. कॅराव्हॅनच्या विजेचं निम्मं काम तिथेच शिकून होतं. गॅसचं मात्र बघून बघून शिकू नका, रीतसर शिक्षण घ्या. आणि नुसती भाड्याने कॅराव्हॅन घेऊन फिरायला जाणार असाल, तर निघण्याआधी मालकाला तीन गोष्टी दाखवायला सांगा: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कुठे आहे, सॉकेट टेस्टर गाडीत आहे का, आणि गॅस व कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या मागे छापलेली तारीख काय आहे. गाडीत गॅस आहे आणि अलार्मच नाही असं कळलं, तर दुसरी गाडी बघा.