सभासद की गिऱ्हाईक?

परगावच्या नव्या व्यापाऱ्याने प्रथमच उधारीवर माल मागितला की पेढीवर काय घडते, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. त्याच्या गावातील दलालाकडे चौकशी होते, जुने देणेघेणे कसे आहे ते विचारले जाते, पहिली खेप लहान पाठवली जाते आणि तिचे पैसे आल्यावरच दुसरीचा विचार होतो. त्याच घरातील सून किंवा मुलगी एखाद्या ‘लेखक संघटने’ची तीन-चार हजार रुपयांची वर्गणी मोबाइलवरून भरते, तेव्हा मात्र यातील एकही प्रश्न विचारला जात नाही. रक्कम लहान असते. शिवाय ‘तिचा छंद आहे, असू दे’ या उद्गारात औदार्य दिसत असले तरी त्यात उपेक्षाही थोडी असतेच.

वास्तविक हा केवळ छंदाचा विषय राहिलेला नाही. अनुवाद, जाहिरातींचा मजकूर, कंपन्यांच्या माहितीपुस्तिका, शालेय पुस्तकांचे धडे, मालिकांचे संवाद अशी कामे घरी बसून करणारे अनेक जण आहेत आणि त्यांत घर सांभाळून लिहिणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांना कचेरी नाही, वरिष्ठ नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. काम देणाऱ्याने पैसे थकवले तर दाद कोणाकडे मागावी, करारातील अमुक कलमाचा अर्थ काय, हे विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नाही. संघटनेची गरज म्हणूनच खरी आहे. आणि जेथे गरज खरी असते तेथे तिचा बाजार मांडणारेही पोहोचतात.

चांगली संघटना कशी असते, याचे नमुने उपलब्ध आहेत. इंग्लंडमध्ये वॉल्टर बेझंट यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ स्थापन झाली. वर्गणी देणाऱ्या सभासदाचा करार तेथील जाणकार कलमागणिक वाचतात आणि सही करण्यापूर्वी काय बदलून घ्यावे ते सांगतात. मुंबईत चित्रपट लेखकांची संघटना १९६० मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदली गेली. आज ती ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. तिची कार्यकारिणी सभासदांच्या मतांनी निवडली जाते आणि मानधन किंवा श्रेयनामावली यांवरून तंटा झाला तर तो ऐकण्यासाठी स्वतंत्र समिती आहे. या दोन्ही संस्थांवर त्यांचेच सभासद वेळोवेळी टीका करतात. तसे करता येते, ही त्यांच्या जिवंतपणाचीच खूण मानावी.

येथेच पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. पैसे भरणारी व्यक्ती सभासद होते की गिऱ्हाईक? सभासदाला वार्षिक सभेची सूचना येते, जमाखर्च पाहता येतो, मत देता येते, उद्या निवडणुकीलाही उभे राहता येते. गिऱ्हाइकाला वस्तू किंवा सेवा मिळते आणि व्यवहार तेथे संपतो. गिऱ्हाईक होण्यात गैर काहीच नाही. कामांची यादी पुरवणारी किंवा लेखनाचे वर्ग चालवणारी खाजगी पेढी पूर्णपणे प्रामाणिक असू शकते. गैर असते ते दुकानावर संघटनेची पाटी लावणे. कारण पाटी पाहून माणूस दुकानदाराला विचारायचे प्रश्न विचारत नाही आणि संघटनेत मिळणारे हक्कही त्याला मिळत नाहीत.

नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे, यावरून याचा पुष्कळसा उलगडा होतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान सात माणसे लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदली जाते आणि तिच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. मंदिर, धर्मशाळा किंवा वसतिगृह यांच्या विश्वस्त मंडळावर काम केलेल्या वाचकांना धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, तेथे द्यावा लागणारा लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्त बदलले की करावा लागणारा चेंज रिपोर्ट हे सर्व परिचयाचे असते. त्यांनी हाच अनुभव घरातील मुलीसाठी वापरावा. संस्थेने दाखल केलेले कागद किरकोळ शुल्क भरून कोणालाही पाहता येतात.

मात्र नोंदणीचे प्रकारही नीट ओळखावे लागतात. निव्वळ विश्वस्त संस्थेत अधिकार विश्वस्तांचा असतो. वर्गणी भरणाऱ्याला मत असेलच असे नाही. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी नफा वाटू शकत नाही हे खरे, परंतु तिचे कायदेशीर सभासद म्हणजे तिच्या नोंदवहीत नाव असलेले लोक. वर्गणीची पावती हातात असलेली लेखिका त्यांत असतेच असे नाही. आणि पुष्कळदा दाखवली जाते ती याहूनही हलकी चीज असते : ‘शासनमान्य’ अशा ठळक अक्षरांखाली छापलेले उद्यम नोंदणीचे किंवा जीएसटीचे प्रमाणपत्र. उद्यम नोंदणी विनामूल्य असते आणि स्वतःच्या घोषणेवर मिळते. किराणा दुकानदारही ती करतो. तिने व्यवसाय अस्तित्वात आहे एवढेच कळते. शासनाने कोणाच्या सचोटीची हमी घेतलेली नसते.

जीएसटीचा क्रमांक दिलेला असेल तर एक सोपी तपासणी करता येते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला की व्यापारी नावासोबत कायदेशीर नावही दिसते. ‘राष्ट्रीय’, ‘अखिल भारतीय’ अशी बिरुदे मिरवणाऱ्या संघटनेचे कायदेशीर नाव एका व्यक्तीचे निघाले, तर ती एकमालकी पेढी आहे हे समजावे. पैसे भरण्यासाठी दिलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसणारे नावही असेच बोलके असते. संस्थेची वर्गणी संस्थेच्या नावाच्या खात्यात जावी, अध्यक्षांच्या बचत खात्यात नव्हे. हा नियम लहानशा भजनी मंडळालाही लागू आहे. लेखक संघटनेला तो सोडून देण्याचे काही कारण नाही.

यानंतर पाहायचे ते, पैशाच्या बदल्यात काय विकले जात आहे. काही संघटना ‘सभासदांना आयएसबीएन क्रमांक मिळवून देऊ’ म्हणून रक्कम घेतात. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो. ‘कॉपीराइट करून देऊ’ असेही सांगितले जाते. लेखन कागदावर उतरले त्याच क्षणी त्याचा स्वामित्वहक्क लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही; आणि पुराव्यासाठी ती करायचीच असेल तर साहित्यकृतीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. अर्ज भरून देण्याची मेहनत म्हणून कोणी वाजवी रक्कम उघडपणे मागितली तर तक्रार नाही. विनामूल्य वस्तू दुर्मीळ असल्याचे भासवणे हा मात्र निराळा प्रकार आहे. ‘प्रेस कार्ड’चेही तसेच. पत्रकारांना अधिस्वीकृती देते ते राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय. खाजगी संघटनेने गळ्यात अडकवायला दिलेल्या कार्डाने कोणताही शासकीय हक्क मिळत नाही. त्याचा उपयोग फार तर वाहतूक पोलिसापुढे करून पाहिला जातो, आणि तो फसला की होणारी शोभा वेगळीच.

पुरस्कारांविषयी थोडे अधिक लिहायला हवे. ‘राज्यस्तरीय’ सन्मान, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि व्यासपीठावरील छायाचित्र. आणि निवडपत्राच्या तळाशी लहान अक्षरांत ‘नोंदणी व भोजन शुल्क’. एकाच सभागृहात एका दुपारी पन्नास-साठ जणांचा गौरव होतो, प्रत्येकजण चार नातेवाईक घेऊन येतो आणि आयोजकांचा हिशेब जुळतो. यात कायदा मोडतोच असे नाही, आणि घरात कधी कौतुक न झालेल्या माणसाला ती शाल हवीहवीशी वाटते, हेही समजण्यासारखे आहे. परंतु अशा संघटनेचा ताळेबंद मागून पाहावा. उत्पन्नाचा मोठा भाग नव्या सभासदांच्या प्रवेश शुल्कातून येत असेल आणि खर्चाचा मोठा भाग समारंभांवर होत असेल, तर थकलेले मानधन वसूल करून देण्याची ताकद तिच्यात कोठून येणार? आजीव सभासदत्वाची रक्कम कायम निधीत ठेवली आहे की आल्या वर्षीच खर्चात घातली आहे, हेही त्याच कागदावर कळते. पुढील तीस वर्षांची सेवा कबूल करून आजच पैसे खाऊन टाकणारी संस्था उद्याची सेवा उद्याच्या सभासदांच्या वर्गणीतूनच देणार. ‘आज रात्री बारापर्यंत आजीव सभासद व्हा, निम्मी सवलत’ असा निरोप आला की व्यापाऱ्याच्या घरात तरी संशय यायला हवा. सवलतीचा सेल कधी लावतात, हे तेथे सर्वांनाच ठाऊक असते.

काही ठिकाणी गोष्ट वर्गणीवर थांबत नाही. आधी नोंदणीचे पैसे, मग टंकलेखनाचे किंवा मजकूर नकलण्याचे काम, मग ‘चुका मर्यादेपेक्षा अधिक निघाल्या, करारभंग झाला’ अशी वकिलाच्या नावाची नोटीस आणि ‘न्यायालयात जायचे नसेल तर’ आणखी काही हजारांची मागणी. असे प्रकार देशात अनेक ठिकाणी घडले आहेत. घाबरलेली मुलगी घरात सांगत नाही आणि पैसे भरत जाते. खरी हानी त्या न सांगण्यात होते. काम देणारा कामासाठी पैसे देतो, घेत नाही. नोटीस आली तर ती घरातील वडीलधाऱ्यांना आणि ओळखीच्या वकिलाला दाखवावी. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर ती होईल, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

वर्गणीपेक्षा मोठा धोका कित्येकदा अर्जाच्या अटींत दडलेला असतो. ‘संघटनेकडे पाठविलेले सर्व लेखन संघटनेच्या मालकीचे राहील’ अशा वाक्यावर नकळत सही होते आणि संग्रहासाठी दिलेल्या दहा कथा कायमच्या हातच्या जातात. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ या बाबतीत लेखकाच्या बाजूने बराच विचार करतो. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. परंतु कागदावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे स्पष्ट लिहून त्याखाली सही केली असेल, तर हे संरक्षण उपयोगी पडत नाही. लेखकांच्या हिताची म्हणवणारी संघटनाच असा अर्ज पुढे करत असेल, तर अधिक चौकशीची गरज उरत नाही.

चांगली संघटना याच्या उलट, सभासदाला ठाऊक नसलेला हक्क सांगते. उदाहरण घ्यावे ते थकलेल्या बिलाचे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा नियम व्यापाऱ्यांना २०२४ च्या एप्रिलपासून चांगलाच माहीत झाला आहे, कारण तेव्हापासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी आयकरात मिळेनाशी झाली. मूळ नियम २००६ च्या कायद्यातला : लेखी करार असला तरी ४५ दिवसांहून अधिक मुदत धरता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि विलंब झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. सेवा पुरवणारी स्वतंत्र लेखिका काम देण्यापूर्वी उद्यम नोंदणी करून या नियमाचा लाभ मागू शकते. गंमत अशी, की निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही नोंदणी २०२१ पासून करता येत असली तरी तिचा लाभ अग्रक्रमाच्या कर्जापुरताच आहे. विलंबित देयकाचे संरक्षण त्याला नाही. म्हणजे पेढीवर बसलेल्या सासऱ्यांपेक्षा आत संगणकावर अनुवाद करणाऱ्या सुनेची वसुलीची बाजू कायद्याने अधिक भक्कम आहे! संघटनेच्या पदाधिकाऱ्याला फोन करून ‘माझे बिल तीन महिने थकले आहे, काय करावे?’ एवढेच विचारावे. उत्तरात हा कायदा आला तर वर्गणी सार्थकी लागण्याची आशा धरावी. उत्तरात पुढच्या संमेलनाचे निमंत्रण आले तर काय ते उमगेल.

जुन्या सभासदांशीही बोलावे, पण संघटनेने सुचवलेल्या चौघांशी नव्हे. जाहीर यादीतून आपण निवडलेल्यांशी, आणि शक्य असल्यास सभासदत्व सोडून गेलेल्या एखाद्याशी. ‘संघटना चांगली आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सगळेच हो म्हणतात. गेल्या वर्षी कोणाचे थकलेले पैसे मिळवून दिले, कोणाचा करार बदलून घेतला, हे विचारावे.

नोंदणी नसलेली प्रत्येक संस्था लबाड असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आठ-दहा अनुवादकांनी एकत्र येऊन दर ठरवावेत, बुडव्या प्रकाशकांची नावे एकमेकांना कळवावीत आणि चहापाण्यापुरती वर्गणी काढावी, ही उत्तम सुरुवात असते. तिचा हिशेब एका वहीत असला तरी पुरे, फक्त ती वही मागितल्यावर पुढे यायला हवी. अशा ठिकाणी एका वर्षाची वर्गणी द्यावी, पाहावे आणि मग पुढचे ठरवावे. पेढीवरील पहिल्या लहान खेपेसारखेच.

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत आणि मनात शंका आहे, त्यांनी पावती, अर्जाची प्रत आणि आलेले निरोप प्रथम जपून ठेवावेत व रक्कम परत मिळण्यासाठी लेखी मागणी करावी. संघटना खरोखर सभासदांची असेल तर प्रश्न वार्षिक सभेत आणि गरज पडल्यास धर्मादाय कार्यालयात मांडता येतो. ती दुकान निघाली, तर भरणारी व्यक्ती ग्राहक ठरते आणि तिला ग्राहक कायद्याचा मार्ग मोकळा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही.