अपलोडचा वेग का अडखळतो?

मोठ्या फायली अनेकांनी मिळून वाटून घेण्याची टोरेंट ही पद्धत ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये तयार केली. लिनक्सच्या प्रती आजही याच मार्गाने सर्वदूर पोहोचतात. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथसंग्रहानेही २०१२ पासून आपले साहित्य टोरेंटद्वारे खुले केले आहे. ज्याच्याजवळ पूर्ण फाईल असते, तो तिचे तुकडे इतरांना पुरवीत राहतो. यास सीडिंग म्हणतात. अशा फायली बहुधा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवल्या जातात आणि तेथेच एक कोडे पडते. अपलोडचा वेग घटकेत चढतो, घटकेत शून्यावर येतो. बोल इंटरनेट सेवेला लावला जातो. परंतु कारण पुष्कळदा टेबलावरील डिस्कमध्येच दडलेले असते.

डिस्क सलग वाचली, तर सेकंदाला १०० मेगाबाइट सहज देते. टोरेंटची मागणी मात्र सलग नसते. वीस जण वीस निरनिराळे तुकडे मागतात आणि प्रत्येक मागणी साधारणतः १६ किलोबाइटची असते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला दर वेळी योग्य जागी पोहोचण्यास सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला साठेक फेऱ्या, आणि हाती येतात जेमतेम १ मेगाबाइट. एकाच कारकुनास प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी खातेवही काढावी लागली, तर रांग वाढणारच. स्मृतीतील तात्पुरता साठा, म्हणजे कॅश, ही ओढाताण बरीच कमी करतो. तो संपला की वेग पुन्हा कोसळतो. त्याच डिस्कवर डाउनलोडही चालू असेल, तर वाचन आणि लेखन यांची झटापट होते.

निदानाचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम तीच फाईल संगणकाच्या आतील डिस्कवर ठेवून तासभर पाहावे. वेग स्थिरावला, तर बाहेरची डिस्क, केबल किंवा पोर्ट यांपैकी एक दोषी ठरते. वेग तसाच राहिला, तर वायफायऐवजी लॅन केबल जोडून पाहावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यग्र दिसत असून अपलोड मंद असेल, तर अडथळा डिस्कचाच समजावा.

काही लक्षणे स्वतःच बोलतात. बराच वेळ शांतता आणि मग पहिल्या मागणीला काही सेकंदांचा खोळंबा, असे घडत असल्यास डिस्क वीज वाचविण्यासाठी झोपी जात आहे. पॉवर सेटिंगमध्ये तिची मुदत वाढवावी. डिस्क मधूनच दिसेनाशी होत असेल, तर वीजपुरवठा तपासावा. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३ चे ९०० मिलिअँपिअर देते. स्वतंत्र वीज नसलेल्या हबवर चार उपकरणे लावली की डिस्क उपाशी राहते. आखूड, चांगली केबल थेट संगणकास जोडावी.

डिस्क निर्दोष ठरली, तरी दोन गोष्टी उरतात. अपलोडला मोकळे सोडले की संपूर्ण लाइन व्यापली जाते आणि घरातील इतरांची पानेही उघडेनात. म्हणून मर्यादा उपलब्ध अपलोड वेगाच्या ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि एकाच वेळी चालणाऱ्या टोरेंटची संख्या कमी करावी. दुसरे असे की, कोणास तुकडे द्यायचे याची निवड प्रणाली दर दहा सेकंदांनी नव्याने करते. त्यामुळे थोडी चढउतार स्वाभाविकच असते. तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

सर्वांत महत्त्वाची सावधगिरी वेगळीच आहे. विवाहाची छायाचित्रे, दिवंगत आईवडिलांचा आवाज, घराची कागदपत्रे यांची एकमेव प्रत ज्या डिस्कवर आहे, तिच्यावरून सीडिंग कदापि करू नये. दिवसरात्र चालणारी डिस्क तापते, झिजते. मधेच केबल सुटली, तर फायलींची रचनाही बिघडू शकते. दुसऱ्यांना वाटायच्या फायलींसाठी वेगळी डिस्क ठेवावी आणि ती काढण्यापूर्वी टोरेंटचा प्रोग्रॅम बंद करावा. वाटायचे तेही हक्कमुक्त किंवा परवानगी असलेलेच असावे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत ग्रंथाचे स्वामित्वहक्क टिकतात. मंद वेगावर उपाय सापडतो. एकुलती प्रत गमावल्यावर तो बहुधा सापडत नाही.